काकिएमोन चौदावे: सही एकाची, हात कितीजणांचे?

निरगुडी

१९८२ साली जपानच्या आरिता गावात साकाइदा मासाशी नावाच्या, पन्नाशीकडे झुकलेल्या गृहस्थांनी आपलं नाव बदललं. टोपणनाव घेतलं असं नाही, कुटुंबाच्या सरकारी नोंदीतच बदललं. वडील वारले, थोरला मुलगा म्हणून घराण्याची पॉर्सेलिनची (म्हणजे चिनी मातीच्या पांढऱ्या भांड्यांची) भट्टी त्यांच्याकडे आली आणि भट्टीबरोबर नावही आलं: साकाइदा काकिएमोन, चौदावे. वडील तेरावे, आजोबा बारावे, आणि असं मागे मागे जात थेट सतराव्या शतकातल्या पहिल्या काकिएमोनपर्यंत. चौदावे २०१३ साली गेले. २०१४ पासून त्यांचा मुलगा पंधरावा काकिएमोन आहे.

बरेच दिवस या चौदाव्यांबद्दल वाचते आहे. त्यांची भांडी जेवढी आवडतात तेवढाच एक प्रश्नही छळतो. तो शेवटी विचारते, आधी पार्श्वभूमी.

आरिता क्यूशू बेटावर, सागा प्रांतात, डोंगरांच्या कुशीत आहे. जपानचा तेव्हाचा सत्ताधीश हिदेयोशी यानं १५९२ ते १५९८ या काळात कोरियावर दोन स्वाऱ्या केल्या, त्या धामधुमीत जपानी सरदारांनी तिकडचे कुंभार आणले. बहुतेकांना पकडूनच आणलं. त्यांतल्या यी साम-प्योंग याला १६१६ साली इझुमियामाच्या डोंगरात पॉर्सेलिनचा दगड सापडला अशी परंपरा आहे. हा दगड फोडायचा, कुटायचा, पाण्यात निथळायचा, मग त्याची माती होते. पुढे १६४० च्या दशकात पहिल्या काकिएमोननं झिलई (काचेसारखा लेप) चढवून भाजलेल्या भांड्यावर रंगांनी चित्र काढून ते पुन्हा भाजण्याची चिनी रीत जमवली. इमारीच्या एका व्यापाऱ्यानं नागासाकीत एका चिनी माणसाला पैसे मोजून ती मिळवली होती, असं घराण्याच्या कागदपत्रांत आहे. म्हणजे मुळातच विकत घेतलेलं गुपित!

आता पांढऱ्याकडे येते. साधं आरिता पॉर्सेलिन नीट पाहिलंत तर किंचित निळसर दिसतं. काकिएमोनचं उत्तम भांडं मात्र दुधाळ, ऊबदार पांढरं असतं. सागाकडची माणसं त्याला तांदळाच्या धुवणाची उपमा देतात. या पांढऱ्याला निगोशिदे म्हणतात. अठराव्या शतकात ते बनणं बंद पडलं आणि कसं बनवायचं हेही हळूहळू विसरलं गेलं. मासाशींच्या लहानपणी घरात आजोबा आणि वडील त्याच्याच मागे लागलेले. मातीच्या मिश्रणांची एक जुनी वही घरात जपलेली होती, तिच्या आधारानं दोघांनी १९५३ साली निगोशिदे पुन्हा उभं केलं. मुलगा तेव्हा १८-१९ वर्षांचा होता.

मिश्रण तीन ठिकाणच्या दगडांचं: इझुमियामा, इवातानिगावाची आणि शिराकावा, साधारण ६:३:१ या प्रमाणात. पण प्रमाण कळलं म्हणजे भांडं झालं असं नाही. ही माती फार आकसते. सुकताना तडे जातात, भट्टीत वाकते. भट्टीत घातलेल्यातली बरीच भांडी फुकट जातात, हे आजही तसंच आहे.

मासाशी टोकियोच्या तामा कला विद्यापीठात जपानी पद्धतीची चित्रकला शिकले, १९५८ साली बाहेर पडले आणि घरी येऊन आजोबा-वडिलांच्या हाताखाली माती आणि झिलईला भिडले. घराण्याचे जुने नक्षे (लावा पक्षी आणि राळ्याची कणसं, बांबू आणि वाघ, प्लमची फांदी) त्यांनी चालू ठेवले, पण स्वतःच्या कामासाठी आरिताच्या आसपासच्या रानफुलांची रेखाटनं करत राहिले. अति शुद्ध केलेल्या कारखानी रंगांवर त्यांचा विश्वास नव्हता. जुन्या मालात जी थोडी भेसळ असायची तिनंच रंगाला खोली येते, असं ते मानत. पुढे क्यूशू सांग्यो विद्यापीठात शिकवलं. २००१ साली सरकारनं त्यांना 'जिवंत राष्ट्रीय ठेवा' ठरवलं, म्हणजे पारंपरिक कसब जपणाऱ्या माणसाला जपानमध्ये मिळणारा मान दिला.

आणि आता काम प्रत्यक्षात कसं होतं ते. दगडाची माती करणारे वेगळे. चाकावर बसणारा वेगळा. अष्टकोनी वाडगा असेल तर चाकावर काढलेला वाडगा साच्यावर पालथा घालून थोपटतात, तेही कसबी हात. मग कच्ची भाजणी साधारण ९०० अंशांवर, झिलई, आणि १३०० अंशांच्या आसपास मुख्य भाजणी. काकिएमोनच्या भट्टीत अजून तांबड्या पाइनची लाकडं जाळतात. त्यानंतर रेषा काढणारा एक, रेषांच्या आत रंग भरणारा दुसरा. शेवटी रंगांची भाजणी, ८०० अंशांच्या आसपास. या साखळीत एकेका कामात लोकांनी जन्म घालवलाय.

यावर नाव कुणाचं? काकिएमोन.

तर प्रश्न असा. काकिएमोनचं कौतुक करताना सगळे चित्रकाराच्या संयमाबद्दल बोलतात: अर्ध्याहून अधिक भांडं कोरं, एका बाजूला झुकलेली फांदी, दोन पक्षी, बस्स. पण ते कोरं सोडणं परवडतं कुणामुळे? नक्षीनं गच्च भरलेल्या ताटात मातीचा काळा ठिपका किंवा झिलईतलं टाचणीएवढं भोक पानाआड लपवता येतं. इथे लपवायला पानच नाही. म्हणजे जी जागा आपल्याला 'रिकामी' दिसते तिच्यावर सगळ्यात जास्त मेहनत झालेली असते, आणि ती करणाऱ्यांपैकी कुणीही चित्रकार नाही. मग या कलेचा कलाकार नक्की कोण?

तिखटमीठ

मस्त लिहिलंयस ताई. पण ती पिकलेल्या फळाची गोष्ट कुठे गेली? पहिला काकिएमोन संध्याकाळच्या उन्हात तांबडं पर्सिमॉन बघतो आणि तसा रंग मिळवायला आयुष्य पणाला लावतो, ती?

निरगुडी

@तिखटमीठ मुद्दाम गाळली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती नाटकात आली, मग शाळेच्या पुस्तकात गेली, आणि जपानी मुलांची एक अख्खी पिढी ती वाचून वाढली. इतिहासकार तिला दंतकथाच मानतात. आरितात उत्खनन झाल्यापासून तर रंगकाम एकट्या पहिल्या काकिएमोनच्या डोक्यातून निघालं असंही ठामपणे म्हणता येत नाही. त्याच सुमारास गावातल्या इतर भट्ट्यांतही रंगीत भांडी होत होती.

भट्टीवाला

माझा छोटा स्टुडिओ आहे भोरजवळ, स्टोनवेअर (पॉर्सेलिनपेक्षा जाडसर, पक्की भाजलेली भांडी) करतो. पॉर्सेलिनला हात लावून पोळून घेतलंय. निरगुडीताईंनी जिथे 'ही माती फार आकसते' म्हटलंय तिथे जरा भर घालतो.

पांढरा निळसर का दिसतो? लोखंडामुळे. दगडात आणि झिलईत अगदी किंचित लोह राहतं. भट्टीत हवा कोंडून, म्हणजे रिडक्शनमध्ये भाजलं की त्या लोहामुळे झिलईला फिकट निळी-हिरवी झाक येते. सेलाडॉन नावाच्या झिलईचा हिरवा त्याच घराण्यातला, फक्त लोह जास्त. निगोशिदेत ही झाक नको असते. म्हणून दगड निवडून घ्यायचा, माती जास्त निथळायची, झिलईतलं लोह कमीत कमी ठेवायचं. आणि माती जितकी बारीक निथळाल तितकी ती जास्त आकसते. पांढरेपणा हवा तर तडे घ्या, असा सौदा आहे हा.

दुसरं रंगांचं. तांबडा आणि बाकीचे रंग ही दोन वेगळी कामं आहेत. तांबडा म्हणजे आयर्न ऑक्साइड, तो पातळ लागतो, आणि जितका जास्त घोटाल तितका उजळतो. हिरवा, निळा, पिवळा हे रंगीत काचेसारखे, थर जाड लागतो. भाजण्याआधी त्यांचा खरा रंग दिसतच नाही, भरणाऱ्यानं अंदाजानं भरायचं. जाड झाला तर तडकून निघतो, पातळ झाला तर फिका पडतो. त्यामुळे 'नुसतं रंग भरणं' म्हणून कुणी नाक मुरडू नये. आरितात निळ्या नक्षीची भराई परंपरेनं बायका करत आल्यात. रंगानं टंच भिजलेला जाडजूड कुंचला जवळपास आडवा धरून पाण्याचा थेंब पुढे ढकलत नेल्यासारखा रंग नेतात. मी व्हिडिओ पाहून करायला गेलो, सगळं ओघळलं.

खडूस_आजोबा

म्हणजे कामगारांचा घाम आणि मालकाची सही. नवीन काय त्यात? इचलकरंजीत लूमवर बसणाऱ्याचं नाव धोतरावर छापलेलं पाहिलंय का कुणी?

निरगुडी

@खडूस_आजोबा काका, इतकं सरळ नाहीये ते. सरकारनं काय केलं बघा. निगोशिदेच्या तंत्राला १९७१ साली राष्ट्रीय वारशाचा दर्जा मिळाला, तो एका माणसाला दिला नाही, भट्टीतल्या कारागिरांच्या जतन मंडळाला दिला. चौदाव्यांना व्यक्ती म्हणून मान मिळाला तो त्यानंतर ३० वर्षांनी. म्हणजे कागदावर तरी 'हात' आधी आणि 'नाव' नंतर. आणि मालाचेही दोन भाग आहेत: भट्टीचा माल वेगळा, काकिएमोननं स्वतः आखलेली कामं वेगळी. खोट्या श्रेयाचा धंदा म्हणता येणार नाही.

खडूस_आजोबा

मंडळाला दर्जा, आणि प्रदर्शनात फोटो मात्र एकाचाच. चालू द्या.

जुनं_बाड

इतिहासाच्या बाजूनं थोडं. आरिताचं नशीब उघडलं ते चीनमधल्या यादवीमुळे. १६४४ साली मिंग घराणं पडलं, जिंगदेझेन या चिनी पॉर्सेलिनच्या गावातल्या भट्ट्यांची घडी विस्कटली, आणि युरोपला पॉर्सेलिन पुरवणाऱ्या डच ईस्ट इंडिया कंपनीला दुसरी पेठ शोधावी लागली. जपाननं तेव्हा युरोपीयांमध्ये फक्त डचांना दार किलकिलं ठेवलेलं, तेही नागासाकीच्या देजिमा या चिमुकल्या बेटावर. १६५९ साली त्यांनी आरिताला पन्नास हजारांच्या वर नगांची मागणी दिली. डोंगरातल्या गावाला केवढा धक्का असेल! काकिएमोन पद्धतीचा बहराचा काळ त्यानंतरचा, साधारण १६७० ते १६९० च्या दशकांतला.

आपल्याकडचा धागा: याच डच कंपनीची वखार सुरतेला होती, आणि १६३७ पासून वेंगुर्ल्यालाही. जपानी तांबं सुरतेत भरपूर यायचं, त्याच मार्गानं जपानी पॉर्सेलिनही. वेंगुर्ल्याची वखार आज पडकी झालीय, तिकडे कुणी जात असेल तर अवश्य बघा.

आणि नकलांचा किस्सा सांगितल्याशिवाय राहवत नाही. जर्मनीतल्या सॅक्सनीचा अधिपती आणि पोलंडचा राजा ऑगस्टस पॉर्सेलिनवेडा. त्याच्याच पदरी असलेल्या बोटगर या किमयागारानं युरोपातलं पहिलं खरं पॉर्सेलिन बनवलं आणि १७१० साली माइसेनचा कारखाना निघाला. काही वर्षांतच तिथे राजाच्या संग्रहातल्या काकिएमोनच्या हुबेहूब नकला होऊ लागल्या. १७२९ च्या सुमारास लमेर नावाच्या पॅरिसच्या व्यापाऱ्यानं माइसेनकडून काकिएमोनच्या नकला मागवल्या. अट काय, तर कारखान्याची खूण घालायची नाही, किंवा खरवडून काढता येईल अशी झिलईवर घालायची. पॅरिसला नेऊन अस्सल जपानी म्हणून विकायचा बेत! दरबारातला एक मंत्रीही यात सामील होता. १७३१ साली बिंग फुटलं.

तिखटमीठ

@जुनं_बाड हे वाचून फार बरं वाटलं. डुप्लिकेट मालाची परंपरा अशी थोर आहे तर.

अश्विनी_क

उत्तम धागा. निरगुडीताईंच्या प्रश्नाला उत्तर म्हणून दुसरा एक माणूस समोर ठेवते: तोमिमोतो केंकिची (१८८६–१९६३).

गंमत बघा. १९५५ साली 'जिवंत राष्ट्रीय ठेवा' ही पदवी पहिल्यांदा दिली गेली, त्या पहिल्या तुकडीत तोमिमोतो होते. कशासाठी? झिलईवरच्या रंगीत पॉर्सेलिनसाठी. चौदाव्या काकिएमोनना २००१ साली मिळाली तीही त्याच विषयात. सरकारी रकाना एकच, पण माणसं दोन टोकांची.

तोमिमोतो कुंभाराच्या घरातले नव्हते. नारा प्रांतातल्या आंदो गावचे जमीनदार. टोकियोत इमारतींची सजावट शिकले, लंडनला गेले, आणि तिथून एका जपानी स्थापत्यकाराचे मदतनीस म्हणून इस्लामी इमारती बघायला इजिप्तला आणि हिंदुस्थानातही येऊन गेले. १९१० साली मायदेशी परतले. मातीकडे वळले तेही योगायोगानं. बर्नार्ड लीच या इंग्रज मित्राला कुंभारकाम शिकायचं होतं, हे दुभाषे म्हणून बरोबर गेले आणि स्वतःच अडकले. गुरू नाही, घराणं नाही, वारशात मिळालेला नक्षा नाही. त्यांनी स्वतःला एक नियमच घातला होता की जुन्या नक्षीवरून नवी नक्षी काढायची नाही. जे काढायचं ते झाडापानांकडे बघून. एका वेलीची पाच पाकळ्यांची पांढरी फुलं होती, ती त्यांनी चार पाकळ्यांची केली, कारण चार पाकळ्या चौकटीत एकीला एक लागून बसतात आणि भांडंभर पसरता येतात.

तंत्रही स्वतःच्या हिमतीवर. सोनं आणि चांदी एकाच भाजणीत बसवायची होती, पण दोन्हींचा वितळण्याचा बिंदू वेगळा, शिवाय चांदी काळी पडते. त्यांनी चांदीत प्लॅटिनम मिसळून दोन्ही प्रश्न सोडवले. तांबड्या जमिनीवर सोन्याचांदीची नेच्याची पानं असलेले त्यांचे डबे फोटोत जरी बघितले तरी पुरे.

म्हणजे कलाकार एकच आणि हातही त्याचेच, असं पॉर्सेलिनमध्येही होऊ शकतं. मग काकिएमोनच्या पद्धतीला पर्यायच नव्हता असं म्हणता येईल का?

भट्टीवाला

@अश्विनी_क तोमिमोतोंचं एकट्याचं चित्र फार स्वच्छ रंगवू नका. त्यांना साध्या माणसाला परवडतील अशी भांडीही करायची होती. त्यासाठी ते हासामीसारख्या गावांत जाऊन राहिले आणि तिथल्या कारागिरांनी काढलेल्या भांड्यांवर चित्रं काढली. झिलईवरचे रंग नीट शिकायला १९३६ साली कुतानीला गेले, तेही तिथल्या जाणकारांकडेच. एकट्यानं सगळं करून माणूस वर्षाला किती भांडी करेल?

आणि त्यांचा सगळा जोर आकार आणि नक्षीवर. काकिएमोनचा पांढरा ही वेगळीच चीज आहे. दगड निवडण्यापासून निथळण्यापर्यंत ती एका माणसाच्या आयुष्यात बसत नाही. आजोबा-वडील दोघं मिळून लागले तेव्हा ती परत आली, आणि तेही भट्टीत माणसं होती म्हणून.

अश्विनी_क

@भट्टीवाला हासामीचा मुद्दा मान्य, पण तिथेही त्यांनी दुसऱ्याचं नाव लावलं नाही की आपलं दुसऱ्याला दिलं नाही. माझा आक्षेप भांड्याला नाही, नावाला आहे. १९५८ साली चित्रकलेची पदवी घेऊन घरी आलेल्या मुलाला मासाशी म्हणून काय करायचं होतं, हे आपल्याला कधीच कळणार नाही. वयाच्या पन्नाशीला त्याचं नावच काढून घेतलं.

याच संदर्भात तोमिमोतोंच्या बायकोचंही नाव घेते. काझुए मुळात चित्रकार, तरुणपणी 'सेइतो' या बायकांनी चालवलेल्या मासिकातली बंडखोर मुलगी. लग्नानंतर भट्टी, मुलं, हिशोब. युद्धानंतर दोघं वेगळे झाले. एकट्या कलाकाराच्या मागेही अशी माणसं असतात, ती कुठल्याच मंडळात नोंदली जात नाहीत.

निरगुडी

@अश्विनी_क काझुएबद्दल लिहिलंस ते फार बरं केलंस, यावर वेगळा धागा काढ ना.

नाव 'काढून घेतलं' हे मात्र मला पटत नाही. जपानमध्ये काबुकी या जुन्या नाट्यप्रकाराचे नटही असेच पूर्वजाचं नाव घेतात, आणि तिथे प्रेक्षक नव्या माणसाला जुन्याशी ताडून बघायलाच बसलेले असतात. नाव म्हणजे तोलायचा काटा. चौदाव्यांची रानफुलं बाराव्यांच्या कामात नाहीत. ती ओळखू येतात ती मागे तेरा जणांचं काम रांगेत उभं आहे म्हणूनच. मासाशी या नावानं त्यांनी तीच फुलं काढली असती तर 'छान चित्रं' म्हणून विसरलो असतो.

शिवाय हे नाव काही फुलांच्या पायघड्यांवरून आलेलं नाही. बाराव्यांनी १९१९ साली एका व्यावसायिकाबरोबर कंपनी काढली, ती टिकली नाही, १९२८ साली वाटा वेगळ्या झाल्या. त्यानंतर कित्येक वर्षं दोन्हीकडून 'काकिएमोन' नावानं माल निघत होता. घराण्याच्याच नावावर घराण्याचा एकहाती हक्क नव्हता! तो वाद मिटता मिटता १९६९ उजाडलं. निगोशिदे परत मिळवण्याची धडपड याच काळातली. मला तर वाटतं, नावावरून भांडण चालू असताना 'जे दुसऱ्याला करताच येणार नाही' असं काहीतरी हातात असणं त्यांना फार गरजेचं होतं. हा माझा अंदाज, कागद नाही.

खडूस_आजोबा

हे पटलं. ट्रेडमार्क गेला तर माती कमवा. आता लेखात जीव आला.

फुकुओकाकर

मी कामानिमित्त फुकुओकात असतो, आरिताला जाणं होतं अधूनमधून. हाकाता स्टेशनवरून 'मिदोरी' एक्सप्रेस पकडली की दीड तासाच्या आत आरिता. गाव लांबट, एका रस्त्याच्या दुतर्फा दुकानं. मागच्या गल्ल्यांत जुन्या भट्ट्यांच्या विटा आणि मोडतोड लिंपून बांधलेल्या भिंती आहेत, त्या विटांवर वितळलेल्या झिलईचे ओघळ अजून दिसतात. तोझान देवळाची कमान पॉर्सेलिनची आहे, १८८८ ची. देवळात जायला रेल्वेचे रूळ ओलांडावे लागतात.

इझुमियामाची खाण बघाच. एक डोंगर होता, आता मोठी खोबण उरलीय. लोक म्हणतात, चारशे वर्षांत आम्ही डोंगराची भांडी केली. आता तिथून दगड फारसा काढत नाहीत. आरिताचा बहुतेक माल कुमामोतोकडच्या आमाकुसाच्या दगडावर चालतो. निरगुडीताई, तुमच्या पांढऱ्याच्या मुद्द्याला जोडून सांगतो: आमाकुसाचा दगड कामाला सोपा आणि पांढरा. तरी निगोशिदेसाठी आरिताचेच जुने अवघड दगड लागतात.

काकिएमोनची भट्टी मुख्य गावापासून जरा बाजूला, नानगावारा भागात आहे. गवताच्या छपराचं घर, अंगणात पर्सिमॉनचं झाड (गोष्ट खोटी असली तरी झाड खरं आहे), आणि विक्रीचं दालन. दालनात बसून पाहिलं तर गच्च नक्षीच्या ताटासमोर माणसं दोन मिनिटं रेंगाळतात, निगोशिदेच्या वाडग्यासमोर जास्त. किमती विचारू नका, कपबशीच्या किमतीत इथून मुंबईचं तिकीट येतं.

तिखटमीठ

@फुकुओकाकर दादा, मग आमच्यासारख्यांनी काय बघायचं? फुकट काही आहे का?

फुकुओकाकर

आहे की. स्टेशनपासून चालत जाता येईल असं क्यूशू सिरॅमिक म्युझियम. कायमच्या संग्रहाला तिकीट नाही. तिथे शिबाता दांपत्यानं दिलेला १० हजारांहून जास्त भांड्यांचा संग्रह आहे, सगळी इदो काळातली (सतरावं ते एकोणिसावं शतक) आरिताची भांडी. एका दिवसात डोळे भरून जातात. आणि २९ एप्रिल ते ५ मे गावात मोठी जत्रा भरते, रस्ताभर दुकानं, किंचित खोट असलेला माल स्वस्तात. पण त्या आठवड्यात हॉटेल मिळायचं नाही, फुकुओकातच राहा.

जुनं_बाड

मुंबईकरांसाठी: छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात सर रतन टाटा आणि सर दोराबजी टाटा यांच्या संग्रहातून आलेल्या चिनी-जपानी वस्तूंचं दालन आहे. लोक शिल्पं आणि लघुचित्रं बघून दमतात आणि तिथपर्यंत पोचतच नाहीत.

लंडनला कुणी असेल तर ब्रिटिश म्युझियममधले काकिएमोनचे दोन हत्ती बघा, १६६० ते १६९० मधले. करणाऱ्यानं बहुधा हत्ती कधी पाहिलाच नव्हता, चित्रांवरून अंदाजानं घडवलाय. आपल्याला ते लगेच कळतं. पण पांढरा बघाल तर वा!

भट्टीवाला

हत्तींचा फोटो आत्ता पाहिला. एवढं मोठं भरीव दिसणारं अंग आतून पोकळ ठेवून, चार पायांवर न बसता भट्टीतून सरळ बाहेर काढलंय. सोंड चुकली असेल, पण ते जनावर उभं राहिलंय यातच कुणाचं तरी आयुष्य गेलं असणार. निरगुडीताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला तिथे जास्त सापडतं.

निरगुडी

@भट्टीवाला आणि त्या हत्तींवर सही नाही. पाय उभे कसे राहिले ते सविस्तर लिहा ना, आतून आधार देतात की अंगाचे भाग वेगळे करून जोडतात?

भट्टीवाला

अशी कामं सहसा दोन अर्ध्या साच्यांत माती दाबून करतात आणि मग ओल्या मातीनं सांधतात. हवा जायला कुठेतरी भोक ठेवावंच लागतं, नाहीतर भट्टीत फुटेल. पोटाखाली त्याच मातीचा टेकू देत असतील, म्हणजे टेकूही अंगाबरोबरच आकसतो. दुसऱ्या मातीचा दिला तर एक आकसणार, दुसरा नाही, आणि पोटाला चीर जाणार. पुढच्या भाजणीत मी एक छोटा करून बघणार आहे, पॉर्सेलिनचा नाही, आपला स्टोनवेअरचा. फोटो टाकतो.

खडूस_आजोबा

सोंड नीट काढा म्हणजे झालं. हत्ती आपण पाहिलेला आहे.